हिरव्या मक्याची वाकवणी

गिरणीवर बसणाऱ्या बाईला गावाची वेगळी चौकशी करावी लागत नाही. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा येतात आणि लोक त्यांना सोयीचं तेवढंच पाप सांगतात. माझ्याकडे मात्र रोज सकाळी प्रत्येक घरातून चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याची बादली येते. कोणाच्या बादलीत किडके दाणे तरंगतायत, कोणाची बादली गेल्या महिन्यापेक्षा हलकी झालीय, कोणी शेजारणीकडून गुपचूप मका आणलाय, हे मला पट्टा फिरायच्या आधीच कळलेलं असतं. मी बोलत नाही. निदान लगेच बोलत नाही.

तर त्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर, नोल्विया आपली बादली घेऊन आली आणि तिच्या मागोमाग तिचा बाप तिबुर्सियो आला. बाप्तिस्म्याच्या वेळी नोल्वियाला मी हातात धरलं होतं, म्हणून तिबुर्सियो मला ‘कोमाद्रे’ म्हणतो, मी त्याला ‘कोम्पाद्रे’, आणि आमच्यात भांडण झालं तरी ते घरातलं समजलं जातं. बापलेकीची घरं भिंतीला भिंत लागून. दोन्ही घरं एकाच कणगीतून खातात, आणि ती कणगी तिबुर्सियोच्या ओढ्यावरच्या रानातून भरते. रान आख्खं पेरलं, देवाने बरं बघितलं, तर कणगी काठोकाठ. नाहीतर पाऊसकाळ सरता सरता नोल्वियाची बादली हलकी.

आमच्याकडे मुलाचं लग्न झालं की बाप त्याला जमिनीची एक पट्टी तोडून देतो. मुलीला कोंबडी देतात. तिबुर्सियोने तिन्ही मुलांना पट्ट्या दिल्या. नोल्वियाला कोंबडी दिली. तीही पिंगट, आणि अंडी घालायला कंटाळणारी.

“ताता,” बादली ओट्यावर ठेवत नोल्विया म्हणाली, “यंदा मी पेरते अर्धं रान. नव्या बियाणाने.”

“कुठलं, त्या पोरट्या इंजिनिअरचं?”

पोरटा इंजिनिअर म्हणजे यादीर. बायकांच्या गटाला घेऊन तो बियाणांचे प्रयोग करायचा. मागच्या वर्षी गटाने शाळेमागच्या तुकड्यात चार जातींचा मका लावला होता, आणि त्यातला एक सगळ्यांच्या डोळ्यांत भरला होता: धाट बुटकं, दाणा पांढरा, कणीस मात्र कोपरापासून मनगटापर्यंत. वर पुन्हा त्याचं बी घरच्याच पिकातून राखता येतं, दरवर्षी दुकानात जायला नको. नोल्वियाने यादीरकडून त्याचं पदरभर बी मागून घेतलं होतं.

“त्याचंच,” ती म्हणाली. “आणि ऐका. अर्ध्या रानात तुमची आख्खी कणगी भरून दाखवली, तर अर्धं रान माझं. पट्टी म्हणून. पोरांना दिलीत तशी.”

गिरणीवर रांगेत उभ्या असलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. आमच्या बायका गप्प होतात तेव्हा कान टवकारलेले असतात.

“अर्ध्या रानात कणगी!” तिबुर्सियो हसला. “आणि तुझ्या अर्ध्यात काय करणार? नाचणार?”

“बटाटे लावणार. कांदे लावणार. माझं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?”

“द्या की शब्द, तिबुर्सियोकाका!” रांगेतून सेफेरीना ओरडली. ही माझी शेजारीण. दुसऱ्याच्या आगीवर आपली तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, भाजायला हिला फार आवडतं. “पोरगी हरली तर तुमचं काय जातंय?”

“हरली तर काय?” तिबुर्सियोने विचारलं. बैल विकताना तो जसा डोळा बारीक करतो तसा त्याने केला.

“हरले तर जमिनीचं नाव काढणार नाही. भावांना दिली, मला नाही दिली, हे रडगाणंही बंद.”

“बंद म्हणजे? जन्मभर?”

“जन्मभर.”

हे मात्र त्याला मोहात पाडणारं होतं. नोल्वियाचं रडगाणं मी ऐकलंय. ते पहाटे चुलीबरोबर पेटतं आणि चुलीनंतर विझतं.

“कोमाद्रे,” तो मला म्हणाला, “तू साक्ष.”

मी पट्टा सुरू केला. आमच्याकडे जात्यासमोर दिलेला शब्द मागे घेत नाहीत.

तिबुर्सियो काही भोळा नव्हे. दुसऱ्याच दिवशी तो उठला, मातीला चिचा, मक्याची दारू, पाजली, कोंबड्याचं रक्त शिंपडलं, आणि आपल्या अर्ध्या रानात आपला जुना पिवळा मका टोचून मोकळा झाला. आधी पेरलं म्हणजे आधी उंच होईल आणि लेकीच्या बुटक्या मक्यावर सावली पाडेल, हा हिशेब. हे तो कबूल करणार नाही. पण मी त्याला चाळीस वर्षं ओळखते.

नोल्विया मागून पेरायला गेली. तिने एका ओळीतल्या झाडांत नेहमीपेक्षा कमी अंतर ठेवलं, कारण यादीरने सांगितलं होतं की हा बुटका दाटीत राहतो. तिचा नवरा देल्मेर शहरात गवंडीकाम करतो. शनिवारी आला तेव्हा त्याने ते बघितलं आणि म्हणाला, “अगं, ही पेरणी आहे की बसमधली गर्दी?”

“तू विटा जवळ जवळ लावतोस तेव्हा मी काही बोलते?” नोल्विया म्हणाली.

पाऊस वेळेवर आला. मका वर आला. आणि मग गावाला जी करमणूक मिळाली, ती जत्रेतसुद्धा मिळत नाही. बांधाच्या या बाजूला तिबुर्सियोचा मका माणसाच्या डोक्यावरून वर, वाऱ्यावर पिवळे तुरे हलवत. त्या बाजूला नोल्वियाचा मका, तिच्या खांद्याला लागेल न लागेल एवढा. येणारा जाणारा ओढ्यावर थांबायचा आणि बोलायचा.

“नोल्विया, तुझा मका बसलाय का उभाय?”

“तिबुर्सियोकाका, नातवंडांना जरा जेवायला घाला!”

तिबुर्सियो तर रोज संध्याकाळी तिच्या बांधावर यायचा आणि आपल्या टोपीने तिच्या मक्याची उंची मोजायचा. “आज टोपीभर वाढला,” असं जाहीर करायचा. नोल्वियाने एकदा ती टोपी हिसकावून ओढ्यात टाकली. तेव्हापासून तो हाताने मोजू लागला.

मी दोन्ही बाजूंना हसत होते. माझी गिरणी पांढराही दळते आणि पिवळाही दळते.

पण धाट बुटकं असलं तरी कणसं दिसायला लागली तेव्हा लोकांचं हसणं जरा पातळ झालं. एकेका झाडावर जाड, भरदार कणीस, आणि तेही एकसारखं. जुन्या मक्यात एक झाड राजा असतं आणि शेजारची तीन भिकारी. इथे सगळा गाव खाऊनपिऊन सुखी.

“पानं बघा कशी हिरवीगार,” नोल्विया अभिमानाने म्हणायची. “यादीर म्हणालाच होता, शेवटपर्यंत हिरवा राहतो.”

हे वाक्य यादीरने आम्हा सगळ्या बायकांसमोर शाळेमागच्या तुकड्यात म्हटलं होतं. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. हिरवा मका म्हणजे निरोगी मका, एवढंच आम्ही ऐकलं. ‘शेवटपर्यंत’ हा शब्द टाळ्यांत बुडाला. शाळेमागच्या तुकड्यातला मका तर आम्ही शिजवून बघायच्या नादात कोवळाच तोडून खाल्ला होता, त्यामुळे त्याचा शेवट कोणी पाहिलाच नव्हता.

आता आमची वाकवणी सांगायला हवी. मका पिकला की आम्ही तो लगेच काढत नाही. कणसाच्या खाली धाट मोडून वाकवतो, म्हणजे कणसाचं टोक जमिनीकडे होतं, पावसाचं पाणी सालांवरून ओघळून जातं आणि कणीस रानातच निवांत वाळतं. वाकवायचं कधी, ते पान सांगतं. पान पिवळं पडून कडकडलं की मक्याने मान झुकवायला होकार दिला. त्याआधी वाकवणं म्हणजे जेवत असलेल्या माणसाच्या पुढचं ताट ओढणं. आणि सालं सोलून आत बघणं तर त्याहून वाईट. झोपलेल्या पोराला हलवून ‘झोपलास का’ विचारण्यासारखं. आमच्या आज्यांनी असं केलं नाही, आयांनी केलं नाही, आम्हीही करत नाही.

ऑक्टोबर लागला. तिबुर्सियोचा मका पिवळा पडायला लागला होता, पण वाकवायला अजून अवकाश होता. उंच माणसाला सगळ्यालाच वेळ लागतो. नोल्वियाचा मका तर पेरणीनंतर दोन महिन्यांचा असावा इतका हिरवा. ती रोज सकाळी जायची, पान बघायची, परत यायची.

“अजून नाही,” म्हणायची.

“तुझा मका म्हातारा व्हायचाच नाही बहुतेक,” मी म्हणायचे. “देल्मेरला विचार, त्याला असली बायको हवी होती.”

सेफेरीनाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. कोवळ्या मक्याची गोड पेज करायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्या गावात हिरवा मका नोल्वियाकडेच, म्हणून मी तिला विचारलं आणि ती म्हणाली, “घ्या ना मावशी, पाहिजे तेवढी कणसं घ्या. कडेची घ्या.” मी दुपारच्या जेवणानंतर टोपली घेऊन गेले. आकाश तेव्हा स्वच्छ होतं, पण वारा विचित्र वाहत होता, खालून वर.

पहिलं कणीस मोडलं, सालं ओढली. पांढरेशुभ्र दाणे, ओळी सरळ. पेज करायची तर दाण्यातून दूध निघायला हवं, म्हणून मी अंगठ्याचं नख दाबलं.

नख वाकलं.

दुसरं कणीस. तेच. मग मी आत गेले, रानाच्या मधोमध, आणि तिथलं एक ओढलं. दातांनी चावून बघितलं आणि माझी उरलेली एक चांगली दाढ अशी काही ठणकली की मी मोठ्याने ओरडले. आमच्याकडे म्हणतात, नख रुततं तोवर पेज, रुतत नाही तेव्हा तोर्तिया. हा मका तोर्तियाचा झाला होता! कधीचाच झाला होता! वर हिरवा सदरा घालून आत म्हातारा बसला होता.

आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली. सालं आखूड होती. जुन्या पिवळ्या मक्याची सालं कणसाच्या टोकापलीकडे जाऊन घट्ट मिटतात, गाठ मारल्यासारखी. याचा झगा आखूड. पुष्कळ कणसांची टोकं उघडी, आणि सगळी आकाशाकडे तोंड करून, पेला धरल्यासारखी. एका टोकात गेल्या आठवड्याच्या सरीचं पाणी शिरून दाणे काळे पडायला लागले होते.

मी टोपली तिथेच टाकली. माझ्या वयाची बाई पळत नाही, पण मी त्या दिवशी पळाले.

नोल्विया गिरणीसमोरच उभी होती, माझ्या रेडिओला कान लावून. “मावशी, समुद्रावरून वादळ आलंय,” ती म्हणाली. “संध्याकाळी डोंगरात पोचेल म्हणतात. तीन दिवसांचा पाऊस.”

मी तिच्या हातात कणीस दिलं. “नख लाव.”

तिने लावलं. माझ्याकडे बघितलं. परत लावलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि लगेच परत आला, दुप्पट.

“कडेचं आहे?”

“मधलं आहे. कडेचं पण तसंच आहे.”

“पण पान हिरवं आहे!”

“शेवटपर्यंत हिरवा राहतो,” मी म्हणाले. “टाळ्या आपणच वाजवल्या होत्या.”

ती दोन क्षण उभी राहिली. त्या दोन क्षणांत तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला कळत होतं. हिरवं धाट एकदा मोडलं की पुन्हा उभं करता येत नाही. माझी दाढ खोटी ठरली तर रान गेलं, आणि रडगाणंही जन्मभर गेलं. वाकवलं नाही तर तीन दिवस पाणी त्या उघड्या पेल्यांत भरणार, आणि कणगीत जायचं ते डुकरांना जाणार.

“कोयता द्या,” ती म्हणाली.

पुढचा तासभर काय गोंधळ झाला! मी सेफेरीनाला हाक मारली, सेफेरीनाने सुनेला, सुनेने गटातल्या सगळ्यांना. देल्मेर शहरातून शनिवारचा आलेला, अंगावर सिमेंट तसंच. सगळे ओढा ओलांडून वर. खालून ढग चढत होते, करडे, आणि त्यांच्या पोटात आवाज.

“हिरवा मका वाकवायचा?” सेफेरीना बांधावर थबकली. “मला नाही बाई जमणार. माझी आजी स्वप्नात येईल.”

“आली तर तिला सांग, नख लावून बघ,” नोल्विया म्हणाली आणि आत शिरली.

पण वाकवायला गेलो तर आणखी एक फजिती. वाळलेलं धाट कडकन मोडतं आणि पडून राहतं. हे हिरवं, रसाने भरलेलं. एका हाताने वाकवलं, सोडलं, की परत ताठ! देल्मेरने जोर लावला तर पूर्ण तुटून कणीस चिखलात. सेफेरीनाच्या सुनेने एक वाकवलं, पुढे गेली, आणि मागच्याने उठून तिच्या पाठीत रट्टा घातला.

“अगं बाई, मारतोय मला!” ती किंचाळली, आणि एवढ्या घाईतही आम्ही सगळ्या हसत सुटलो.

तेवढ्यात बांधावर तिबुर्सियो दिसला. हातात कोयता नव्हता. हात छातीवर बांधलेले.

“हिरव्या मक्याची मान मोडतेयस?” तो म्हणाला. “त्याला विचारलंस?”

“विचारलं,” नोल्विया थांबली नाही. “नख रुतलं नाही.”

तिबुर्सियो बांध ओलांडून आला. एक कणीस ओढलं, सोललं, नख लावलं. मग दाणा काढून दाताखाली घातला. तो टणक आवाज माझ्यापर्यंत आला. त्याने सालाच्या उघड्या टोकात बोट घातलं, आकाशाकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस घरी जाईल. जावं की! दार लावून बसावं, पाऊस ऐकावा, आणि रान आपलं आपल्याकडे ठेवावं. त्याला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं काहीच न करणं पुरे होतं.

त्याने आमच्याकडे बघितलं, मक्याकडे बघितलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. आंबट फळ चावल्यावर होतं तसं.

“कोंबडीची मान मुरगाळताय का मका वाकवताय?” तो ओरडला. “सोड ते, देल्मेर! तू विटा रच! हे बघा. आधी पीळ द्यायचा. असा. अर्धा पीळ, कपडा पिळतात तसा, म्हणजे आतलं पाणी मोडतं. मग गुडघा. मग खाली. बघा, उठतो का?”

उठला नाही.

“ताता, तुम्ही...” नोल्विया म्हणाली.

“तोंड बंद, हात चालू! पैज माझी तुझ्याशी आहे. मक्याने माझं काय केलंय?”

मग जे चाललं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पीळ, गुडघा, खाली. पीळ, गुडघा, खाली. एकेका ओळीत एकेक माणूस, आणि सगळ्यांच्या पुढे तो सत्तरीला टेकलेला म्हातारा, वेगाने मागे सोडत चाललेला, आणि मागे वळून शिव्या देणारा. “सेफेरीना, तुझ्या आजीला घेऊन ये, ती तुझ्यापेक्षा जोरात करेल!” सेफेरीनाने त्याला उलट सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हात पानांनी कापले गेले. केसांत मक्याचे धागे. वारा एवढा वाढला की बोलणं ऐकू येईना, तेव्हा आम्ही नुसत्याच ओरडू लागलो, शब्द नसलेलं, बैल हाकताना ओरडतात तसं. पहिले थेंब पडले तेव्हा शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. एक ओळ नोल्वियाने घेतली, एक तिच्या बापाने, आणि दोघं बांधावर एकदमच पोचले. कोण आधी पोचलं यावर अजून वाद आहे. मी बघत होते. मी सांगणार नाही.

पाऊस तीन दिवस पडला. तिसऱ्या रात्री वाऱ्याने तिबुर्सियोच्या बाजूचा उंच मका पार आडवा केला. सकाळी तो बघायला गेला, आणि मी त्याच्याबरोबर गेले, कारण अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये, आणि मला बघायचंही होतं. धाटं चिखलात लोळत होती. पण त्याने एक कणीस उचललं, आणि जुन्या मक्याचा लांब झगा घट्ट मिटलेला. आत पाण्याचा थेंब नाही.

“बघ,” तो म्हणाला. “पडला, पण कपडे नीट आहेत.”

त्यातला बराच त्याने पुढे वाचवला. सगळा नाही.

नोल्वियाचा मका महिन्याभरात धाटावर वाळला. काढणीच्या दिवशी गिरणी बंद ठेवायची पाळी आली, कारण गिऱ्हाईक सगळं कणगीपाशी. टोपल्यामागून टोपल्या. कणगीचा तळ झाकला, मग कंबर, मग खांदा. तिबुर्सियो कणगीला टेकून उभा, चेहरा दगडाचा. वरच्या कडेशी आल्यावर सेफेरीना म्हणाली, “भरली!” आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“थांबा,” तिबुर्सियो म्हणाला. “कणगी कणसांनी भरली. मी काय कणसातले दांडे खातो का? नव्या जातीचे दांडे जाडच असतात. दाणे काढा. मग बघू.”

“अहो, पैजेत दाण्यांचं कुठे होतं?” सेफेरीना.

“कणगी कशासाठी असते? खायला. दांडा खाऊन दाखव, मी पैज हरतो.”

सगळे नोल्वियाकडे बघू लागले. नोल्विया माझ्याकडे. मी मान हलवली. त्याचं म्हणणं लबाडीचं होतं, पण बरोबर होतं.

“काढा दाणे,” नोल्विया म्हणाली.

दोन दिवस सगळ्यांच्या अंगठ्यांना फोड. जुन्या मक्याची कणगी भरली की दाण्याची किती पोती होतात हे तिबुर्सियोला पाठ, मलाही पाठ, कारण ती सगळी पोती वर्षभर माझ्याच गिरणीतून जातात. पोती भरू लागली. जुन्या आकड्याला पोचली. ओलांडून गेली! नव्या कणसाचा दांडा माझ्या करंगळीएवढा, जाडी सगळी दाण्यांची. तिबुर्सियोने दाणे मागितले नसते तर हा जादाचा मका कोणाला दिसलाच नसता.

“तुम्हीच काढायला लावलेत, ताता,” नोल्विया म्हणाली. तिच्याने हसू आवरेना.

तिबुर्सियोने एक पोतं हाताने चाचपून बघितलं. मग त्याने काठी घेतली, रानाकडे चालू लागला, आणि आम्ही सगळे मागून. बांधावर उभा राहून त्याने काठीने रेघ ओढली. हिची बाजू, माझी बाजू. अर्थात जी बाजू त्याने तिला दाखवली त्यात तीन मोठे खडक होते.

“ही?” नोल्विया म्हणाली.

“बटाट्याला दगड चालतो.”

“ताता.”

“बरं, बरं.” त्याने काठीने रेघ सरकवली. एक खडक तिच्याकडे, दोन त्याच्याकडे. आमच्यात याला मोठा उदारपणा म्हणतात.

नोल्विया आपल्या जमिनीवर उभी होती. आमच्या गावात जिवंत बापाकडून पट्टी मिळालेली पहिली मुलगी. तिने वाकून मूठभर माती घेतली, हुंगली, आणि एकदम मोठ्याने हसली, वेड्यासारखी. देल्मेरने तिला उचललं आणि तिने त्याला मारलं.

तिबुर्सियोचं लक्ष तिकडे नव्हतं. पोत्यांपासून येताना त्याने एक टोपली बरोबर आणली होती, त्यात अजून दाणे न काढलेली काही कणसं, बांधालगतच्या ओळींची. त्यातलं एक त्याने बाहेर काढलं. पांढऱ्या दाण्यांमध्ये मधेच पिवळे दाणे चमकत होते, बत्तिशीत सोन्याचे दात असावेत तसे.

“कोमाद्रे, हे बघ,” तो मला हळूच म्हणाला. “माझ्या तुऱ्याची धूळ हिच्या कणसांवर पडली. दोन्ही एकाच वेळी फुलले होते ना. हे पिवळे दाणे म्हणजे माझ्या मक्याची लेकरं. हे पेरले, तर तिचं कणीस आणि माझा झगा, दोन्ही एकाच झाडावर मिळणार नाही?”

“लगेच नाही मिळणार,” मी म्हणाले. “पण चार वर्षं निवडत राहिलं तर कोण जाणे.”

“चार वर्षं मी जगेन,” तो म्हणाला आणि पिवळे दाणे नखाने टिपून खिशात टाकू लागला. त्याचा चेहरा बैलाच्या बाजारातल्यासारखा झाला होता.

नोल्वियाने बघितलं.

“ताता! ते काय चाललंय? ती माझ्या ओळीतली कणसं आहेत!”

“दाणे माझे आहेत. बाप माझ्या रानातला.”

“आई माझ्या रानातली! माझ्या जमिनीवर जन्मले ते!”

“तेव्हा जमीन माझी होती.”

“आता माझी आहे!”

“लेकरं बापाच्या नावाने ओळखतात. विचार पाद्रीबाबांना.”

“बापाने कधी एका रात्रीत काही वाढवलंय का? वाढवलं कोणी? खत कोणी घातलं? वाकवलं कोणी?”

“वाकवलं कोणी?” तिबुर्सियो गरजला. “वाकवायला शिकवलं कोणी, ते विचार!”

सेफेरीना खडकावर बसली आणि तिने पाय पसरले. मी तिच्याशेजारी जागा केली. यावर निकाल द्यायला जात्यासमोर यावं लागेल, असं मी दोघांना सांगितलं, पण तोवर दोघांपैकी कोणीच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. नोल्वियाने टोपलीला एका बाजूने धरलं होतं, तिबुर्सियोने दुसऱ्या, आणि दोघंही एकमेकांना पुढच्या पेरणीची तारीख सांगत होते.